छातीच्या हाडामागे

"मॅडम, शर्टाचं वरचं बटण लागंना झालंय बघा."

तक्रार एवढीच होती. बाकीचं सोबत आलेल्या थोरल्या मुलानं सांगितलं. सकाळी उठल्यावर अप्पांचं तोंड सुजलेलं असतं, दुपारपर्यंत उतरतं. खाली वाकलं की डोकं भरून येतं. आडवं झालं की दम लागतो, म्हणून रात्री भिंतीला टेकून बसतात. वय पन्नाशीच्या मागेपुढे, थोडी कोरडवाहू जमीन, शिवाय भाड्यानं ट्रॅक्टर चालवायचे. गेले काही महिने दुसरीकडे ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या होत्या, मग किडनीचं असेल म्हणून लघवी वाढवायच्या गोळ्या झाल्या. लघवीचा रिपोर्ट साफ होता. पायांवर सुजेचा मागमूस नव्हता. जी काही सूज होती ती छातीच्या वर.

मी त्यांना शर्ट काढायला सांगितला. गळ्याखाली आणि खांद्यांवर निळ्या शिरांचं जाळं उठून दिसत होतं. माणूस ताठ बसला की मानेच्या शिरा रिकाम्या होतात. यांच्या फुगलेल्याच होत्या. दोन्ही हात वर करून कानांना लावून धरा म्हटलं, तर मिनिटभरात चेहरा जांभळट झाला आणि त्यांनी आपणहून हात खाली घेतले. डोकं, मान आणि हातांतलं रक्त हृदयाकडे आणणारी महाशीर छातीत कुठंतरी दबली होती. एवढं कळायला नुसते डोळे पुरतात. ती कशानं दबली हे कळायला सीटी स्कॅन लागतो आणि तो सोलापूरला.

वळसंगहून सोलापूर लांब नाही. अक्कलकोट रस्त्यावर वाहनांची कमी नसते. स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्यायेणाऱ्यांची वर्दळ कायम. स्कॅन लगेच झाला. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या पुढ्यात, जवळपास दहा सेंटिमीटरची गाठ होती. तिनं महाशिरेला घेरलं होतं आणि हृदयाच्या आवरणाला ती चिकटली होती. पुढे सुईनं तुकडा काढून तपासला, तेव्हा थायमिक कार्सिनोमा, स्क्वॅमस प्रकार, असा रिपोर्ट आला. सीडी-५ आणि सीडी-११७ या दोन्ही खुणा पॉझिटिव्ह होत्या. हा फुफ्फुसातून आलेला कर्करोग नसून थायमसचाच आहे, हे ठरवायला पॅथॉलॉजिस्टला त्या उपयोगी पडतात.

मी वळसंगात जनरल प्रॅक्टिस करते. ताप, खोकला, साखर, बीपी, जखमा, लहान मुलं. दक्षिण सोलापूरच्या या पट्ट्यात माणसं मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलतात, आणि दुखणं फार झालं की बहुधा नुसतं कानडीत. थायमसचा कर्करोग माझ्या रोजच्या कामातला नाही, तसा तो फारच थोड्यांच्या रोजच्या कामातला असतो. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे थायमसच्या सगळ्या गाठी मिळून दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण दीड रुग्ण. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या त्रेचाळीस लाखांच्या वर होती. तोच दर इथे धरून हिशोब केला तर आख्ख्या जिल्ह्यात वर्षाला सहा-सात जण होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना थायमोमा, म्हणजे सावकाश वाढणारी गाठ. थायमिक कार्सिनोमा एखाद्यालाच.

थायमस ही लहानपणी कामाची ग्रंथी. रोगांशी लढणाऱ्या टी-पेशी तिथे तयार होतात आणि आपलं कोण, परकं कोण हे तिथेच शिकतात. १९६१ सालापर्यंत तिचं काम कुणाला धड ठाऊक नव्हतं; त्या वर्षी लंडनमध्ये जाक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढली आणि ती पिल्लं साध्या संसर्गानंही मरतात हे दाखवलं. वयात आल्यावर ग्रंथी आक्रसत जाते, तिची जागा चरबी घेते. पण पेशींचे अवशेष राहतात आणि त्यांतूनच चाळिशी-पन्नाशीनंतर कधीतरी गाठ उभी राहते. जागा अशी की बाहेरून हात पोचत नाही. पुढे हाड, मागे हृदय, बाजूंना फुफ्फुसं, त्यांना लगटून श्वासपटलाच्या नसा. स्तनातली गाठ अंघोळ करताना हाताला लागते, जिभेवरची जखम जेवताना झोंबते. इथली गाठ शेजाऱ्यांना दाबायला लागेपर्यंत गप्प असते.

अप्पांचा रिपोर्ट हातात आल्यावर मी वाचायला बसले. घरच्यांना मुंबईत जे सांगितलं जाईल ते इथे परत येऊन मलाच समजावून द्यावं लागणार होतं. या आजारात माणूस किती जगेल हे कशावर ठरतं, यावर जगभर लिहिलं गेलंय, आणि सगळं लिखाण शेवटी दोन-तीन गोष्टींपाशी येऊन थांबतं. पहिली, गाठ किती पसरली आहे. जपानचे सर्जन अकिरा मासाओका यांनी १९८१ साली तिच्या पायऱ्या ठरवून दिल्या आणि आजही छातीच्या सर्जनच्या तोंडी त्याच असतात. गाठ आपल्या वेष्टनात आहे ती पहिली. वेष्टन फोडून भोवतीच्या चरबीत शिरली ती दुसरी. हृदयाचं आवरण, मोठ्या शिरा, फुफ्फुस अशा शेजारच्या अवयवांत घुसली ती तिसरी. छातीच्या पोकळीत दाणे विखुरले किंवा रक्तावाटे, लसीकाग्रंथींवाटे लांब गेली ती चौथी. दुसरी गोष्ट, गाठ थायमोमा की कार्सिनोमा. आणि तिसरी, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: ऑपरेशनमध्ये ती संपूर्ण निघाली का.

या तिसऱ्या गोष्टीवरचा जपानचाच एक अभ्यास मी पुन्हापुन्हा वाचला आहे. कोंडो आणि मोंडेन या दोघांनी ११५ रुग्णालयांतून १३२० रुग्णांची माहिती गोळा करून २००३ साली ती छापली. थायमिक कार्सिनोमाचे रुग्ण त्यांत १८६. गाठ पूर्ण निघाली त्यांतले ६७ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होते. बरीचशी निघाली पण थोडी राहिली, त्यांतले ३० टक्के. ऑपरेशन होऊच शकलं नाही, त्यांतले २४ टक्के. तीस आणि चोवीस यांतलं अंतर बघा, किती थोडं आहे. कार्सिनोमात छाती उघडून निम्मीशिम्मी गाठ काढून येण्यानं माणसाच्या पदरात फारसं काही पडत नाही. पुढच्या पायऱ्यांवरच्या थायमोमाचे आकडे त्याच अभ्यासात ९३, ६४ आणि ३६ असे आहेत. म्हणजे तिथे अर्धवट काढण्यालाही अर्थ आहे. "थोडी तरी काढून टाका की" असं नातेवाईक म्हणतात तेव्हा मला हे दोन ओळींचे आकडे आठवतात. अर्थात ज्यांची गाठ पूर्ण निघाली त्यांची मुळात कमी पसरलेली असणार, प्रकृतीही बरी असणार. सगळं श्रेय सर्जनच्या सुरीला देता येणार नाही. २०१५ साली अनेक देशांनी मिळून केलेल्या एका अभ्यासात कार्सिनोमाचे हजाराहून जास्त रुग्ण होते. तिथेही गाठ पूर्ण निघणं आणि नंतर किरणोपचार मिळणं हे जास्त जगण्याशी जोडलेलं दिसलं. त्या रुग्णांतले निम्मे साडेसहा वर्षांहून अधिक जगले.

वय, गाठीचा आकार, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती रानटी दिसतात, लसीकाग्रंथींत शिरकाव आहे का, यांवरही कागद भरभरून लिहिलेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. रुग्ण इतके कमी की वीस-तीस वर्षांचे एकत्र केल्याशिवाय आकडा जमत नाही, आणि तेवढ्या काळात औषधं बदलतात, मशीन बदलतात, आजाराची वर्गवारीसुद्धा बदलते.

आता वळसंगातून बघते तेव्हा मला या यादीतला प्रत्येक घटक उलगडून दिसतो. पायरी ही काही अंशी गाठीचा स्वभाव असते आणि काही अंशी गेलेले महिने असतात. पूर्ण निघेल की नाही हे सर्जन ठरवतो, पण सर्जनपर्यंत माणूस केव्हा आणि कुठल्या वाटेनं पोचला, हे त्याआधी ठरलेलं असतं. आमच्याकडे छातीच्या एक्सरेत मधोमध सावली दिसली की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो येणं चूक नाही. क्षय आमच्याकडे आहेच. घोळ होतो तो थुंकी किंवा तुकड्याचा पुरावा नसताना औषधं चालू होतात आणि मग "कोर्स पूर्ण होऊ द्या" म्हणून सगळे थांबतात तेव्हा. त्या सहा महिन्यांत आवरणातली गाठ आवरणाबाहेर येऊ शकते. तरुण पोराच्या छातीत तिथेच लिम्फोमा असतो, तो तर औषधानं बरा होणारा. त्याचेही महिने असेच जातात.

उलटी घाईही नडते. वेष्टनातली, सहज निघण्याजोगी गाठ दिसली तर बहुतेक वेळा सुई न घालता ती अख्खीच काढणं बरं, कारण फुफ्फुसाच्या आवरणातून सुई जाताना पेशी सांडण्याची भीती असते. म्हणून छातीच्या मध्यभागी गाठ दिसली की मी पेशंटला सांगते, कुणी लगेच सुई घालूया म्हणालं तर आधी छातीच्या सर्जनला स्कॅन दाखवा.

दुसरी पेशंट एक बाई. चाळिशीतली, घरकाम आणि शेत दोन्ही सांभाळणारी. संध्याकाळी उजव्या डोळ्याची पापणी खाली येते आणि समोरची बस दोन दिसते, असं सांगत आली. सकाळी आरशात बघितलं तर डोळा ठीक. सासूबाईंनी दृष्ट काढून झाली होती. चष्म्याचा नंबर काढून झाला होता, नवा चष्माही नाकावर होता. मी तिला वर, छताकडे, नजर न हलवता बघायला सांगितलं. पापणी हळूहळू उतरत आली, अर्ध्या बुबुळापर्यंत. मग समोरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ मागवला, हातरुमालात गुंडाळला आणि मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरला. रुमाल काढला आणि तिनं डोळे उघडले तेव्हा दोन्ही पापण्या सारख्या वर होत्या. सासूबाई खुर्चीतून उठून जवळ आल्या आणि सुनेच्या तोंडाकडे बघत राहिल्या. गारव्यात स्नायू आणि नस यांच्यामधला निरोप जरा नीट पोचतो. हा निरोप अडखळण्याचा आजार म्हणजे मायस्थेनिया ग्रेव्हिस. तो ओळखण्याची ही खेड्यातसुद्धा जमणारी तपासणी आहे, आणि माझ्या मते ती प्रत्येक दवाखान्यात माहीत असायला हवी.

मायस्थेनियाचा आणि थायमसचा संबंध जुना. अमेरिकेत आल्फ्रेड ब्लॅलॉक या सर्जननं १९३६ साली मायस्थेनिया असलेल्या एका तरुणीच्या छातीतली थायमसची गाठ काढली, ती बरी होत गेली आणि १९३९ साली त्यांनी ते छापलं. थायमोमा असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांशांना मायस्थेनिया असतो. मायस्थेनिया असलेल्या शंभरांत दहा-पंधरांना थायमोमा सापडतो. म्हणून पापणी पडणाऱ्या माणसाच्या छातीचा स्कॅन करायचाच. हिच्या छातीत चार सेंटिमीटरची गाठ निघाली, कडा स्वच्छ, कुणाला न चिकटलेली. ऑपरेशन झालं, गाठ वेष्टनासकट निघाली, पहिल्या पायरीचा थायमोमा. अशा पेशंटचं दहा वर्षांनंतरचं जगणं नव्वद टक्क्यांच्या आसपास धरतात.

जुन्या पुस्तकांत मायस्थेनिया असणं हे थायमोमात वाईट लक्षण मानलेलं आढळतं. त्या काळी ऑपरेशननंतर श्वासाचे स्नायू थकून माणसं दगावायची. अतिदक्षता विभाग सुधारले, औषधं आली आणि ते लक्षण वाईटाच्या यादीतून निघालं. उलट आता असं म्हणतात की पापणी पडते म्हणून गाठ लवकर सापडते. मला हे या दोन पेशंटमध्ये समोरासमोर दिसलं. बाईच्या गाठीनं डोळ्यावाटे हाक मारली. कार्सिनोमात मायस्थेनिया क्वचितच असतो. अप्पांच्या गाठीनं हाक मारली ती थेट महाशीर दाबून.

या बाईच्या जगण्यावर परिणाम करणारी आणखी एक गोष्ट आहे, जी कर्करोगाच्या कुठल्याही तक्त्यात नाही आणि आमच्या भागात रोज घडते. ताप आला की सुई हवी असते, आणि सुयांच्या ट्रेमध्ये जेंटामायसिन हमखास असतं. मायस्थेनियात ते इंजेक्शन श्वास बंद पाडू शकतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ॲझिथ्रोमायसिन या रोजच्या गोळ्या धोक्याच्या, सलाइनमधून दिलेलं मॅग्नेशियम धोक्याचं. गाठ निघाली म्हणून मायस्थेनिया दुसऱ्या दिवशी जात नाही, पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या चालू राहतात. मी तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं ही नावं मराठीत लिहून दिली. त्याची झेरॉक्स पर्समध्ये, एक नवऱ्याच्या पाकिटात, आणि फोटो मुलीच्या मोबाइलमध्ये. माहेरी इंडी तालुक्यात जाते म्हणून त्याखाली कानडीतही लिहून घेतलं. इथून सीमा जवळ. तिकडच्या दवाखान्यातल्या माणसाला ते वाचता यायला हवं.

अप्पांचं पुढं काय झालं ते सांगते. ते मुंबईला टाटा हॉस्पिटलला गेले. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी दादर. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपरचं भाडं माफ असतं आणि सोबतच्याला मोठी सवलत. त्यासाठी लागणारा फॉर्म हॉस्पिटलातून सही-शिक्क्यानिशी घ्यावा लागतो, हे धाकट्या मुलाला माहीत नव्हतं, मी सांगितलं. उतरायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. केशरी रेशनकार्ड होतं, महात्मा फुले योजनेत बसले. योजना मोठा आधार आहे, पण निदान होईपर्यंतचे स्कॅन, तपासण्या, जाण्यायेण्याचा खर्च बहुतेकांचा खिशातूनच जातो, आणि गरीब माणूस थांबतो तो नेमका तिथंच. अप्पांच्या घरी तोवर एक म्हैस विकून झाली होती.

कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमोथेरपी मिळाली. गाठ लहान झाली, तोंडाची सूज उतरली, बटण लागायला लागलं. पुन्हा स्कॅन करून सगळ्या डॉक्टरांनी मिळून बघितलं. महाशिरेभोवतीची पकड तशीच होती आणि डाव्या बाजूला फुफ्फुसाच्या आवरणावर दाणे होते. पूर्ण निघणार नाही, म्हणून ऑपरेशन नाही, किरणोपचार द्यायचे असं ठरलं. धाकटा मुलगा मला विचारायला आला, "काढतच नाहीत म्हणजे सोडून दिलं का हो?" मी त्याला तो तीस आणि चोवीसचा हिशोब कागदावर मांडून दाखवला. छाती मधोमध उघडायची, महिनाभर त्यातून सावरायचं, आणि मिळणार जवळपास काही नाही. त्यापेक्षा तो महिना घरी. तो बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, "कागद घेऊन जाऊ का? दादाला दाखवतो."

या पोराबद्दल लिहायलाच हवं. २०१३ साली अमेरिकेत सात लाखांहून जास्त कर्करोग रुग्णांचा एक अभ्यास छापून आला. लग्न झालेल्या रुग्णांचा आजार तुलनेनं लवकर सापडतो, त्यांना उपचार पुरे मिळतात आणि ते जास्त जगतात, असं त्यात दिसलं. मी तो वाचला तेव्हा मला लग्न दिसलं नाही, सोबत दिसली. तारखा लक्षात ठेवणारं, रांगेत उभं राहणारं, उलटी झाल्यावर तोंड पुसणारं, "आता बास झालं" म्हटल्यावर "आणखी एकदा जाऊ" म्हणणारं माणूस. अप्पांकडे ते होतं. थोरल्यानं शेत आणि ट्रॅक्टर सांभाळला, धाकट्यानं नोकरीवर पाणी सोडलं. धर्मशाळेत शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ एकटेच यायचे, केमोच्या दोन फेऱ्या झाल्या आणि नंतर दिसले नाहीत, असं धाकटा सांगायचा. त्यांचं काय झालं असेल हे तो मला विचारायचा.

आजार परत वाढला तेव्हा त्यानं मोबाइलवर नव्या औषधांचं वाचलं होतं. औषधं आहेत. जपानमधल्या, २०२० साली छापलेल्या एका अभ्यासात लेन्व्हॅटिनिब ही गोळी थायमिक कार्सिनोमाच्या ४२ रुग्णांना देऊन बघितली, ३८ टक्के जणांची गाठ लक्षणीय आक्रसली. पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधाचा ४० जणांवरचा अभ्यास २०१८ चा. त्यात पाचातल्या एकाला थोडा वर गुण आला, पण शंभरात पंधरा जणांना शरीरानं स्वतःवरच हल्ला केल्याचा गंभीर त्रास झाला, काहींच्या हृदयाच्या स्नायूला. टी-पेशींच्या शाळेतच बिघाड असताना त्या पेशी मोकळ्या सोडणं या आजारात फार जपून करावं लागतं. तोवर अप्पांचं अंग या कशालाही तोंड देण्याच्या पलीकडे गेलं होतं. दोन दिवाळ्या त्यांनी घरी केल्या होत्या. दम लागू नये म्हणून शेवटी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, आणि ते घरीच गेले, माणसांत.

दिवस झाल्यावर त्यांची बायको दवाखान्यात आली. दोन गोष्टी विचारल्या. पहिली, "बिडी प्यायचे त्यानं झालं का?" बिडीनं फुफ्फुसाचा होतो, तोंडाचा होतो, हृदय जातं, थायमसच्या गाठीशी तंबाखूचा ठाम संबंध दिसलेला नाही, आणि फवारणी, पाणी, खाणं यांचाही नाही. पोरांना आनुवंशिक म्हणून तपासायची गरज नाही. हे मी स्पष्ट सांगितलं, कारण अशा घरात नंतर कित्येक वर्षं कुणाचा तरी दोष शोधणं चालू राहतं. दुसरा प्रश्न अवघड होता. "ॲलर्जीच्या गोळ्यांत ते महिने गेले. तेव्हाच धरलं असतं तर?"

मी तिला जे सांगितलं ते माझं आजही मत आहे. लवकर धरलं असतं तर कदाचित गाठ पूर्ण काढता आली असती आणि जास्त वर्षं मिळाली असती. आणि कदाचित काहीच बदललं नसतं, कारण हा प्रकारच असा की काहींच्या छातीत तो लहान असतानाच दाणे टाकतो. अप्पांच्या छातीत यांतलं कुठलं होतं हे कुणालाच सांगता येणार नाही. मी तिला महिने वाया गेले नाहीत असं म्हटलं नाही. तिनं किंवा पोरांनी वाया घालवले असंही म्हटलं नाही. सूज वर आहे, खाली नाही, हे बघणं घरच्यांचं काम नव्हतं. ते आमचं, शर्ट उतरवून बघणाऱ्यांचं. तिनं मान हलवली, पदरानं तोंड पुसलं आणि आपल्या बीपीच्या गोळ्या मागितल्या.

काही महिन्यांनी मुंबईहून हॉस्पिटलचा फोन धाकट्याला आला, अप्पांची चौकशी करायला. त्यानं तारीख सांगितली. मला त्या फोनचं मोल फार वाटतं. पाच वर्षांच्या जगण्याचे जे टक्के आपण वाचतो ते असे फोन करून, पत्रं पाठवून, दार वाजवून जमवलेले असतात. ज्याचा ठावठिकाणा लागत नाही त्याला शेवटच्या भेटीपर्यंत जिवंत धरतात आणि तिथून पुढे हिशोबातून बाहेर काढतात. पण गाठ वाढल्यामुळे ज्याला गाडीत बसवत नाही, तोच तारखेला येत नाही. असे पुष्कळ लोक निसटले की टक्के खऱ्यापेक्षा बरे दिसतात.

आमच्याच जिल्ह्यात बार्शीला हे काम फार आधी आणि फार नीट झालं. नर्गीस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात डॉ. बी. एम. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांच्या पुढाकारानं १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. शहरात हॉस्पिटलांची दप्तरं चाळून नोंद होते. खेड्यात दप्तरच नसतं, म्हणून त्यांची माणसं गावोगाव जायची, लोकांत बसून लक्षणं समजावून सांगायची, कुणाला काही वाटलं तर तपासायला आणायची आणि पुढेही विचारपूस ठेवायची. थायमससारख्या आजाराची गावात एखादीच नोंद होणार. पण ती एक खरी नोंद हवी असेल तर असंच जावं लागतं.

थायमोमाचं तर घड्याळच लांबचं. गाठ दहा-बारा वर्षांनीही परत उगवू शकते, म्हणून पहिली दोन वर्षं सहा महिन्यांनी आणि नंतर दहा वर्षं दरसाल स्कॅन करायचा असतो. बरं वाटणाऱ्या माणसाला दहा वर्षं स्कॅनला धाडणं ही माझ्या कामातली सगळ्यांत चिवट गोष्ट आहे. "काही होत नाही की आता, मॅडम," असं ती बाई दर वर्षी म्हणते. पापणी नीट आहे, गोळ्या कमी झाल्यात, मुलगी बारावीला गेली. यंदाची तारीख जूनमध्ये येत होती आणि ती पेरणीचं कारण सांगत होती. सासूबाईंनी मधेच तोडलं, "पेरणी मी बघते, तू जाऊन ये." मग मेच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख धरली. चिठ्ठीत मागच्या स्कॅनचा नंबर लिहिला, जुनी सीडी सोबत न्यायला सांगितली, म्हणजे तिथला डॉक्टर दोन्ही शेजारी ठेवून बघेल, आणि लाल शाईची यादी नव्या कागदावर उतरवून दिली, कारण जुनी झेरॉक्स घडीवर फाटली होती.